कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना श्रोत्यागणिक बोलायला कसे शिकवावे?

प्रश्न एका खाजगी कृषी महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांचा आहे. त्यांच्याकडे संवाद कौशल्याचा विषय आहे. आठवड्याला एक तासिका आणि दोन तासांचे एक प्रात्यक्षिक एवढाच वेळ मिळतो. वर्गात साठ मुले-मुली आहेत. कोणी नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराच्या घरातले, कोणी गडचिरोलीचे, कोणी मुंबईच्या उपनगरातले, तर चार जण आंध्र आणि बिहारमधून आलेले. ही मुले पडद्यावर सादरीकरण उत्तम करतात. पण शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात गेली की त्यांचे बोलणे शेतकऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि पुढे निर्यात कंपन्यांत नोकरीला लागली की परदेशी खरेदीदाराला साधे पत्र लिहितानाही अडखळतात. वेगवेगळ्या श्रोत्यांशी आणि वेगवेगळ्या संस्कृतींतील माणसांशी बोलायला या मुलांना कसे शिकवावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी एकतीस वर्षे कृषी विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा विषय, शिकवले. त्यातली पहिली आठ-दहा वर्षे मी बोलणाऱ्याला सुधारत होतो. आवाज, उभे राहण्याची ढब, डोळ्याला डोळा भिडवणे, इंग्रजी उच्चार यांवर माझा भर असे. डेव्हिड बर्लो यांनी १९६० मध्ये मांडलेले स्रोत, संदेश, माध्यम आणि ग्राहक हे प्रारूप मी फळ्यावर काढायचो, मुले ते पाठ करायची आणि परीक्षेत अचूक उतरवायची. ते प्रारूप चुकीचे नाही. पण त्यातला चौथा चौकोन, म्हणजे ऐकणारा माणूस, वर्गात कधी हजरच नसायचा. मुले एकमेकांसमोर बोलत, मी गुण देत असे, आणि आम्ही सगळे एकाच भाषेचे, एकाच पुस्तकाचे असल्यामुळे प्रत्येक संदेश पोचल्यासारखा वाटे. माझे म्हणणे एवढेच आहे की बोलणे चांगले झाले की नाही हे बोलणाऱ्याकडे पाहून ठरवणे सोडून द्या. ऐकणाऱ्याने ते दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शब्दांत काय सांगितले आणि हाताने काय केले, यावर ठरवा. हे एक मान्य केले की अभ्यासक्रमातले बाकीचे बदल आपोआप त्यामागून येतात.

मला हे मेळघाटातल्या एका गावात कळले. खरिपाच्या तोंडावर आम्ही सोयाबीनच्या उगवणशक्तीची चाचणी समजावून सांगायला गेलो होतो. चाचणी सोपी आहे. पोत्यातल्या वेगवेगळ्या भागांतून मूठमूठ बी घ्यायचे, त्यातले शंभर दाणे मोजायचे, ते दहा-दहाच्या ओळींत ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायचे आणि काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर शिफारशीप्रमाणे पेरायचे, कमी उगवले तर बियाणे वाढवायचे. मी चाळीस मिनिटे बोललो. ‘बियाण्याचा प्रातिनिधिक नमुना घेऊन’ असे शब्द मी वापरल्याचे मला आजही आठवते. समजले का, असे विचारल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा एका शेतकऱ्याने तीस किलोची अख्खी पिशवी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. ‘नमुना’ हा शब्द त्याच्या कानावरून निघून गेला होता. त्याच्या मनात ‘बियाणे’, ‘ओले गोणपाट’ आणि ‘गुंडाळा’ एवढेच उरले होते, आणि त्याने ते सांगितल्याबरहुकूम केले होते. त्या घराची मातृभाषा कोरकू होती, मराठी ही त्यांची बाजाराची भाषा. बियाण्याचे पैसे मी भरून दिले, पण पेरणीची वेळ मला भरून देता आली नाही.

परत आल्यावर मी प्रात्यक्षिकाची जागा बदलली. प्रत्येक कृषी महाविद्यालयाला स्वतःचे प्रक्षेत्र, म्हणजे शेत, असते आणि त्यावर रोजंदारीवर काम करणारी माणसे असतात. खरा श्रोता वर्गापासून दोन-तीनशे मीटरवर उभा असतो, आपण त्याला कधी बोलावत नाही एवढेच. प्रक्षेत्र अधीक्षकांशी बोलून दर आठवड्याला चार-पाच मजुरांना त्या दोन तासांसाठी सोडवून घ्या. त्यांची मजुरी त्या वेळातही चालू राहील हे आधी नक्की करा. आणि त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की इथे परीक्षा मुलांची आहे, तुमची नाही, तुम्हाला कळले नाही तर चूक मुलांची धरली जाईल. हे सांगितल्याशिवाय ती माणसे भिडस्तपणे ‘हो, कळलं’ म्हणत राहतील.

पहिले प्रात्यक्षिक मी नेहमी फवारणीच्या मात्रेचे घेतो. टेबलावर रंगीत पाण्याची बाटली, पाठीवरचा पंधरा लिटरचा पंप, पाण्याची बादली आणि मोजपात्र ठेवायचे. विद्यार्थ्याने माहितीपत्रक वाचून समोरच्या माणसाला मात्रा सांगायची आणि त्या माणसाने ती प्रत्यक्ष ओतून दाखवायची. एका वर्षी एका हुशार मुलाने ठणठणीत आवाजात सांगितले, “दोन मिलि प्रति लिटर पाण्यात घ्यावे.” समोरच्या काकांनी मान डोलावली, बाटलीचे झाकण उघडले आणि दोन झाकणे पंपात ओतली. मी तेच झाकण मोजपात्रात रिकामे करायला सांगितले. एका झाकणात पंचवीस मिलि मावत होते. पंधरा लिटरला तीस मिलि हवे असताना पंपात पन्नास गेले होते. तो मुलगा बराच वेळ मोजपात्राकडे पाहत राहिला. त्याचे वाक्य व्याकरणाने आणि शास्त्राने पूर्ण बरोबर होते. पण त्या काकांचे माप पंप आणि झाकण हे होते, आणि ‘प्रति लिटर’ हा गुणाकार त्यांच्या वतीने त्या मुलाने करायचा होता. पुढच्या खेपेला त्याने आधी विचारले, “काका, तुमचा पंप किती लिटरचा? हाताने मारायचा की पेट्रोलवर चालणारा?” हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण पेट्रोलच्या पंपाला पाणी कमी लागते आणि तिथे टाकीमागची मात्रा वेगळी धरावी लागते. मग त्याने मोजपात्रावर तीसच्या रेषेशी चिकटपट्टी लावली आणि सांगितले, “एका पंपाला इथपर्यंत.” हे वाक्य पाच शब्दांचेही नाही, पण तिथपर्यंत यायला त्याला पंचेचाळीस मिनिटे लागली.

मापांवर एक पूर्ण प्रात्यक्षिक खर्च करा, कंजुषी करू नका. विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरवर असतात, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात, आणि माणूस बोलतो एकरात आणि गुंठ्यांत. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, अडीच एकरांच्या आसपास एक हेक्टर, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, हे मुलांच्या जिभेवर असले पाहिजे. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी पंचाहत्तर किलो म्हटले की गावात नुसती शांतता पसरते, एकरी तीस किलो म्हटले की लगेच कोणीतरी म्हणतो, “एवढं कशाला?” आणि खरा संवाद तिथून सुरू होतो. पावसाचेही तसेच. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा सल्ला शास्त्रीय आहे, पण पर्जन्यमापक दूर महसूल मंडळाच्या गावी असतो. शेतकरी जमीन उकरून ओल किती खोल गेली ते पाहतो. सल्ला त्याच्या कृतीत कसा बसवायचा हे मुलांनी त्यालाच विचारून शिकायचे आहे. कालगणनाही अशीच आहे. ‘जूनचा दुसरा आठवडा’ म्हणण्याऐवजी ‘मृगात’ म्हटले की पन्नाशीपुढच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ते दिवस उभे राहतात, आणि त्याच्या विशीतल्या मुलाला तारीखच बरी वाटते. एकाच ओट्यावर बसलेल्या बाप-लेकांसाठी दोन वेगळी वाक्ये लागतात, हे मुलांना पटकन पटत नाही. पटवायला एका घरातल्या दोघांनाच वर्गात बोलवा.

यानंतर शब्द. आपल्या पाठ्यपुस्तकांची मराठी कोणत्याच गावात बोलली जात नाही. तण काढण्याला पश्चिम महाराष्ट्रात खुरपणी, विदर्भात निंदण, कोकणात बेणणी. पिकाच्या ओळींमधून औत फिरवण्याला इकडे कोळपणी, तिकडे डवरणी. मशागतीच्या आणि पेरणीच्या अवजारांना इकडे कुळव आणि पाभर, तिकडे वखर आणि तिफण. विदर्भात उभ्या कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. गुलाबी बोंडअळीने मिटवून टाकलेल्या फुलाला शेतकऱ्यांनीच दिलेला ‘डोमकळी’ हा शब्द इतका नेमका आहे की आता सल्ला पत्रिकाही तोच वापरतात. मुलांना प्रत्येकी एका तालुक्याची शब्दवही करायला लावा. मात्र ती ग्रंथालयात बसून भरायची नाही. बाजाराच्या दिवशी कृषी सेवा केंद्राच्या बाकावर तास-दोन तास बसून, गिऱ्हाईक नेमके काय म्हणून मागते ते ऐकून भरायची.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण उत्साही मुले यात हमखास चुकतात. श्रोत्याचे शब्द घ्यावेत, त्याचा हेल घेऊ नये. पुण्याचा मुलगा अकोल्यात जाऊन वऱ्हाडी लकबीत बोलू लागला की ऐकणाऱ्याला ती आपली नक्कल वाटते, आणि नाटक-मालिकांनी बोलीची जी थट्टा वर्षानुवर्षे केली आहे ती त्याच्या मनात जागी होते. क्रियापदे आपली, स्वच्छ आणि साधी ठेवावीत, वस्तूंची आणि कामांची नावे त्यांची घ्यावीत, आणि एखादे नाव माहीत नसेल तर “याला तुमच्याकडे काय म्हणतात?” असे विचारावे. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जितकी दारे उघडली तितकी कोणत्याही तक्त्याने उघडली नाहीत.

एका शब्दाविषयी मात्र माझे मत वेगळे आणि ठाम आहे. महाराष्ट्रभर कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. औषध मारले, औषध आणले, औषध संपले. श्रोत्याचा शब्द वापरायचा या नियमाने आपणही तोच वापरतो आणि बहुतेक वेळा ते योग्यच आहे. पण २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर मी वर्गात हा नियम बदलला. मात्रा सांगताना औषध म्हणा, सुरक्षिततेचे वाक्य आले की विष म्हणा: “हे विष आहे, अंगावर उडालं तर कातडीतून आत जातं.” बाटलीवरचा रंगीत त्रिकोणही असाच समजावून द्यावा लागतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. पण हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा अर्थ माणसे सहज लावतात, आणि लाल म्हणजे ‘जालीम, लवकर काम करणारे’ असाही. चिन्ह छापले म्हणजे अर्थ पोचला असे नसते. मुलांना बाटल्या घेऊन पाठवा, रंगाचा अर्थ न सांगता आधी विचारायला लावा, आणि आलेली उत्तरे जशीच्या तशी लिहून आणायला सांगा. ती उत्तरे वाचताना वर्ग शांत होतो.

“समजलं का?” हा प्रश्न मी माझ्या प्रात्यक्षिकांत पूर्ण बंद केला आहे. आपल्याकडे त्याचे एकच उत्तर येते. समोर शिकलेले पोर एवढ्या लांबून आले आहे, त्याला नाही कसे म्हणायचे, चारचौघांत आपले अडाणीपण का दाखवायचे, अशा अनेक कारणांनी मान डोलते. त्याऐवजी विद्यार्थ्याने ओझे स्वतःकडे घ्यावे: “मावशी, मी नीट सांगितलं की नाही ते मला कळत नाहीये. उद्या घरी तुम्ही हे जावेला कसं सांगाल, तसं मला सांगता का?” मावशी सांगू लागल्या की मध्ये बोट घालायचे नाही, चुकले तरी टोकायचे नाही. शेवटपर्यंत ऐकून मग जे गळले तेवढेच पुन्हा, दुसऱ्या शब्दांत सांगायचे. गप्प राहणे हा या प्रात्यक्षिकातला सर्वांत अवघड भाग आहे. विद्यार्थी सरासरी दहा सेकंदही गप्प राहू शकत नाहीत, म्हणून मी जोडीदाराला घड्याळ धरायला लावतो.

आता संस्कृतीकडे येऊ. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर परदेश येतो, पण खरी परीक्षा आपल्याच तालुक्यात असते. ग्रामीण कार्यानुभवाचे विद्यार्थी, म्हणजे कृषिदूत आणि कृषिकन्या, गावात गेले की पहिली सभा बहुधा मंदिराच्या सभामंडपात भरते, कारण सावली असते, सतरंजी असते आणि सरपंच तिथेच बसतात. त्या मंडपात कोण येत नाही, हे विद्यार्थ्याने मोजले पाहिजे. एखाद्या वस्तीतली माणसे बाहेरच उभी राहतात किंवा येतच नाहीत. बायका आल्या तर मागे भिंतीला टेकून बसतात आणि पुरुषांसमोर बोलत नाहीत. आणि निंदण करणारी, कापूस वेचणारी, कीड पहिल्यांदा डोळ्यांनी पाहणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते. गुलाबी बोंडअळीच्या पतंगांना गंधाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरव्या बोंडांत दोन किडकी निघाली की फवारणीचा विचार करायचा, ही माहिती मंडपातल्या पुढच्या रांगेला दिली आणि वेचणाऱ्या बाईला दिली नाही, तर ती वाया गेली. म्हणून मी तीन सभांची अट घालतो: एक ग्रामपंचायतीत किंवा शाळेत, एक वस्तीत तिथल्या माणसांनी ठरवलेल्या जागी, आणि एक बायकांसाठी, त्यांनी सांगितलेल्या वेळी. ही वेळ बहुधा रात्रीची जेवणे उरकल्यावरची असते किंवा बांधावरच्या दुपारच्या सुट्टीतली. विद्यार्थ्यांना ती गैरसोयीची वाटते, पण तिथे तडजोड करू नये.

संबोधनांनाही वेळ द्या. अनोळखी वडीलधाऱ्याला काका म्हणावे की मामा, बाईला ताई, मावशी की काकू, विदर्भात भाऊ कुठे शोभते, हे गावोगाव बदलते आणि ते पहिल्या पाच मिनिटांत ऐकून उचलायचे असते. याची दुसरी बाजू अशी की अनेक आदिवासी वस्त्यांत मराठी बोलताना माणसे लहान-मोठ्या सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात. माझा एक विद्यार्थी त्यामुळे दुखावला गेला आणि दिवसभर घुम्यासारखा वागला. त्यात अनादर नसतो हे त्याला आधी सांगितले नव्हते, ती माझी चूक.

मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया द्राविडी कुळातल्या. त्या मराठीच्या बोली नाहीत, हे मुलांना माहीत नसते. त्यामुळे ‘सोपी मराठी’ हा तिथला उपाय नाही. तिथे दुभाषा लागतो, आणि दुभाष्याबरोबर काम करणे हे वेगळे कौशल्य आहे. एका वेळी एकच वाक्य बोलायचे, दुभाष्याकडे न पाहता ऐकणाऱ्याकडे पाहून बोलायचे, विनोद आणि म्हणी टाळायच्या, आणि अधूनमधून दुभाष्याने काय सांगितले ते तिसऱ्या कुणाकडून मराठीत परत ऐकायचे. दुभाषा म्हणून शाळकरी पोराला धरू नका. मोठ्यांना विषाबद्दल बजावणे त्या पोराच्या तोंडी शोभत नाही आणि ते पोरही शब्द गिळते. आशा कार्यकर्ती किंवा बचतगटातली एखादी बाई मिळाली तर उत्तम. तुमच्या वर्गात गडचिरोलीची मुले आहेत असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्यापैकी कोणी गोंडी किंवा माडिया बोलत असेल, तर एक प्रात्यक्षिक पूर्णपणे त्यांच्या भाषेत घ्या आणि बाकी वर्गाला श्रोता करा. वर्गात नेहमी मागच्या बाकावर बसणारी मुलगी त्या दिवशी शिक्षिका होते, आणि न कळणाऱ्या भाषेत मान डोलावण्याचा मोह किती मोठा असतो ते उरलेल्यांना स्वतःच्या मानेवर अनुभवायला मिळते.

आंध्र आणि बिहारच्या मुलांना ओझे मानू नका. त्यांना काहीच गृहीत धरता येत नाही, म्हणून ती प्रश्न विचारतात. गावातल्या जोडीत एक मराठी आणि एक परप्रांतीय ठेवला की मराठी मुलगा समजावून सांगता सांगता स्वतः स्पष्ट होतो.

अधिकारी आणि बँक यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे शिकवणे तुलनेने सोपे आहे. शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा असतो. ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की’ या वाक्यानंतर तो नेमके काय शोधतो हे मुलांना ठाऊक नसते. एका शाखाधिकाऱ्याला एक तास बोलावून मुलांचे अर्ज त्याला सर्वांसमोर वाचायला द्या आणि त्याची नजर कुठे थांबते ते पाहायला सांगा. रक्कम, कशासाठी, परतफेड कशातून, तारण काय, एवढेच तो शोधतो. मुले त्या एका तासात शिकतात.

परदेशी खरेदीदाराचा मामला मात्र सविस्तर शिकवावा लागेल, विशेषतः तुमच्याकडे नाशिकची मुले असल्यामुळे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले. त्या प्रसंगामागची कारणे अनेक होती. पण बांधापासून बंदरापर्यंतच्या साखळीत कोणी कोणाला काय आणि कधी कळवायचे, हा त्यातला एक धडा मी वर्गात नेहमी घेतो. आपल्या पत्रलेखनाची सवय अशी की आधी क्षेमकुशल, मग आभार, मग पार्श्वभूमी, आणि अडचण शेवटच्या ओळीत, तीही आडून. आपल्या माणसाला ती तिथे शोधायची सवय असते. नेदरलँड्सचा खरेदीदार पहिल्या दोन ओळींत कंटेनर क्रमांक, काय बिघडले आणि पुढे काय करणार हे शोधतो. ते नसेल तर काही बिघडलेले नाही असे धरून चालतो, आणि नंतर अडचण कळली की ती लपवली असे समजतो. ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘प्रयत्न करतो’ या आपल्या शब्दांत नकाराची छटा असते आणि ती आपल्याला कळते. तेच इंग्रजीत गेले की समोरचा त्याला होकार समजून जहाज ठरवतो. उलट, आखाती देशांतल्या व्यापाऱ्याशी काम करणारे माझे माजी विद्यार्थी सांगतात की तिथे ईमेलने थेट मुद्द्यावर येणे उद्धट वाटते, आधी फोन करून विचारपूस करावी लागते आणि मगच दराचे बोलणे निघते. म्हणजे ‘परदेश’ अशी एकच संस्कृती नाही, आणि एका खरेदीदारावर शिकलेले दुसऱ्याला लावू नये.

काही गोष्टी इतक्या बारीक असतात की कोणी शिकवतच नाही. ०३/०४ ही तारीख आपल्यासाठी तीन एप्रिल, अमेरिकन माणसासाठी चार मार्च, म्हणून महिना अक्षरांत लिहावा. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजारांसाठी टिंब, त्यामुळे त्यांच्याकडचा प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना ०,०५ म्हणजे शून्य दशांश शून्य पाच, आणि १.००० म्हणजे एक हजार. ज्या कीटकनाशकाच्या अवशेषांना युरोपीय संघाने स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागते. एवढ्या सूक्ष्म आकड्यात टिंब आणि स्वल्पविरामाचा घोळ झाला तर काय होईल, ते मुलांना एका अहवालाची प्रत हातात देऊन विचारा. मग तोच अहवाल बागाईतदाराला फोनवर मराठीत समजावून सांगायला लावा: “काढणीला अजून किती दिवस थांबायचं आणि का?” एकाच दुपारी एकच माहिती दोन दिशांना नेणे, हा माझा सर्वांत आवडता सराव आहे.

मूल्यमापनाशिवाय यातले काहीही टिकणार नाही, कारण मुले गुणांच्या दिशेने चालतात. विद्यापीठाची लेखी परीक्षा तुमच्या हातात नाही, पण प्रात्यक्षिकाचे अंतर्गत गुण आहेत. त्यातले निम्मे मी ऐकणाऱ्याच्या उत्तरांवर देतो. दुसऱ्या दिवशी, विद्यार्थी समोर नसताना, वर्गातलाच दुसरा विद्यार्थी जाऊन श्रोत्याला चार गोष्टी विचारतो: काय करायचे, किती, केव्हा, आणि नाही केले तर काय होईल. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणायची, सुधारून नाही. गोड आवाजाच्या, सफाईदार इंग्रजीच्या मुलांना पहिल्या फेरीत कमी गुण मिळतात आणि तक्रारी येतात. एका वर्षी पालकही आले होते. त्यांना मी उत्तरपत्रिकेऐवजी त्या मजूर बाईंची नोंदवलेली उत्तरे वाचायला दिली.

तुमच्यापुरते सांगायचे तर येत्या सत्रात सगळे एकदम करू नका. पहिली चार प्रात्यक्षिके पंप, झाकण आणि मोजपात्र यांवरच घ्या, दर वेळी नवा श्रोता आणून. त्यानंतर शब्दवही आणि बाजाराचा दिवस. गोंडी किंवा माडियातले प्रात्यक्षिक सत्राच्या मध्यावर ठेवा, तोवर मुलांना स्वतःच्या भाषेविषयी थोडा संशय आलेला असतो. निर्यातीचे पत्र सगळ्यात शेवटी घ्या. आणि पहिल्या आठवड्यातच प्रक्षेत्र अधीक्षकांकडे जाऊन मजुरांच्या त्या दोन तासांच्या हजेरीचा प्रश्न मिटवून टाका. माझ्याकडे पहिल्या वर्षी तो राहून गेला होता आणि तीन बायकांचा अर्ध्या दिवसाचा खाडा लागला. पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत.